दोन गाठींची बाटली

मावशीने स्थळ आणलं तेव्हा सगळं एका दमात सांगून टाकलं. मुलगा कामाचा आहे, घर स्वतःचं आहे, सासू नाही, सासरे देवमाणूस, आणि मुलाला दिसत नाही. हे शेवटचं तिने भाजीवाल्याने पिशवीच्या तळाशी किडकं फळ सरकवावं तसं सरकवलं. 'मुलगा' चाळिशीला टेकलेला होता, पण लग्नाच्या बाजारात नवरा साठीचा असला तरी मुलगाच असतो.

"आणि एक बरंच आहे," मावशी म्हणाली, "तुझी रया गेलीय ती त्याला कुठे दिसणार?"

मावशीची जीभ फटकळ, पण ती खोटं बोलत नव्हती. भाचीची रया गेली होती खरी. तिचा पहिला नवरा रंगाच्या कारखान्यात होता. छाती खराब झाली आणि महिनोन्‌महिने खोकत खोकत तो गेला. त्याच्या उशाशी कायम खोकल्याच्या औषधाची बाटली असायची. तो गेल्यावर कपडे कुणी नेले, पलंग कुणी नेला, चपला तर कोण घालून गेलं ते कळलंही नाही. अर्धी बाटली तेवढी उरली. ती काही टाकवेना. शेवटी एका दुपारी तिने ते औषध पिऊन टाकलं आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपली. तिथेच घात झाला.

औषध संपलं तशी झोपही संपली, म्हणून तिने दुसरी बाटली आणली. मग तिसरी. लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी राहताना तोंडात तो गोड चिकटपणा असायचा आणि डोक्यात कापूस. गिऱ्हाइकांच्या कॉलर करपू लागल्या तेव्हा मालकीणबाईंनी आधी समजावलं, मग दटावलं. शोक आहे, म्हणून सगळ्यांनी सांभाळून घेतलं. शोकाच्या पांघरुणाखाली काय काय खपतं ते ज्याने पांघरलंय त्यालाच ठाऊक.

मावशीला वास लागलेला होता. "लग्नाआधी तो खोकला बरा कर बाई," एवढंच ती म्हणाली. खोकला नव्हताच, हे दोघींना माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून दोघींनी मूठ झाकली.

बघण्याचा कार्यक्रम ताईच्या डोळ्यांनी झाला. ताई म्हणजे नवऱ्यामुलाची थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीत दिलेली, आई गेल्यापासून दोन घरांच्या किल्ल्या एकाच कमरेला लावून फिरणारी. तिने भावी भावजयीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चहाचा कप धरताना हात जरासा थरथरतो तेही पाहिलं, आणि ते लाजण्याच्या खात्यावर टाकलं. ज्याचं लग्न होतं तो मान किंचित तिरकी करून बसला होता. त्याला सगळे मिस्तरी म्हणत. जळालेल्या पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारींना तो नवी तार गुंडाळून द्यायचा. लहानपणी तापात दृष्टी गेली, पण तांब्याची तार बोटांत घेतली की ती कोणत्या जाडीची ते त्याला कळायचं.

काही विचारायचं असेल तर विचार, असं ताईने भावाला सांगितलं. त्याने एकच प्रश्न विचारला.

"वस्तू घेतली की जागच्या जागी ठेवता का?"

सगळे हसले. ती हसली नाही. ठेवीन, म्हणाली. एवढं तर कुणालाही जमेल, असं तिला वाटलं.

घर म्हणजे पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीत खिडकीशी अण्णांची खाट. अण्णा म्हणजे सासरे. बायको गेल्यापासून ते खिडकीबाहेर बघत बसायचे, आणि बाहेर नक्की काय दिसतं असं विचारलं तर, "काही नाही गं, रस्ता," म्हणायचे. घरात मोटारींच्या तारांना लावायच्या वार्निशचा वास भरून राहिलेला असायचा. तो चार दिवसांत तिच्या अंगवळणी पडला. अंगवळणी पडायला वेळ लागला तो गाठींचा.

या गाठी सासूबाईंचं डोकं. मुलगा आंधळा झाल्यावर त्या माउलीने रडून झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर घरातल्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोरा बांधला. स्वयंपाकाच्या वस्तूंना बारीक दोरा, औषधांना जाड सुतळी, आणि दोऱ्यावर गाठी. एक गाठ तेल, दोन गाठी सिरका. सुतळीला दोन गाठी म्हणजे अण्णांचं टॉनिक, तीन म्हणजे त्यांचं झोपेचं औषध, जे बायको गेल्यानंतर डॉक्टरांनी सुरू केलेलं आणि ज्याच्या गाठी मिस्तरीनेच कशाबशा मारलेल्या. रोज संध्याकाळी टॉनिकचा चमचा मिस्तरी स्वतः वडिलांना भरवायचा. आईचं ते काम त्याने मागून घेतलं होतं.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. डोळे मीट, म्हणाला, आणि तिच्या हातात एक बाटली दिली. तिला काही कळेना. त्याने तिचं बोट धरून गाठीवरून फिरवलं. त्याच्या बोटांची कातडी तारेने घासून गुळगुळीत झालेली होती. तिने सिरक्याला तेल म्हटलं, तेलाला मध म्हटलं, आणि तो पोट धरून हसला. "तुझ्या हातचं जेवायचं म्हणजे देवाचं नाव घेऊनच बसायला हवं," म्हणाला. मग गंभीर होऊन त्याने सांगितलं, की आई गेल्यापासून दोरे कुजत चाललेत, आणि ताईला सांगितलं तर ती लेबलं चिकटवते. आता गाठी बांधायचं काम तुझं.

त्या दिवशी तिला वाटलं की आता सुटेल. खरंच वाटलं. पहिल्या नवऱ्याबद्दल तोवर तिला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं असेल तर कशाने गेला एवढंच. या माणसाने विचारलं, तो हसायचा कसा?

"आवाज न करता," ती म्हणाली. "नुसते खांदे हलायचे."

"मग मला तर कळलंच नसतं," मिस्तरी म्हणाला, आणि दोघंही हसली. हसता हसता तिला रडू आलं. त्याने तिला रडू दिलं, नाक पुसायला हाताशी होतं ते दुकानातलं फडकं दिलं, आणि तिच्या नाकाला वार्निश लागलं. इतकं भलं माणूस पदरात पडलं तर दुसऱ्या कुणी त्याचं सोनं केलं असतं. हिने काय केलं ते ऐका.

हिने त्याच्यासमोर बसून प्यायला सुरुवात केली. आधी लपून, शिवणाच्या डब्यातून, दार लावून. मग एकदा तो समोर बसून कुठल्याशा हट्टी पंपाची गोष्ट रंगवून सांगत होता, आणि तिने हं हं करत बाटलीचं झाकण अलगद फिरवलं आणि दोन घोट घेतले. तो बोलतच राहिला. त्याच्या देखत, असंही म्हणायची सोय नव्हती. तिने तोंड पुसलं तेव्हा तिची मान आपोआप खाली गेली, जणू त्याला दिसलं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं, आणि त्या वेळी मान खाली गेली नाही. या गोष्टीची तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

औषध आणायला ती गावभरची दुकानं फिरायची, एकाच दुकानात फार वेळा जायला नको म्हणून. प्रत्येक ठिकाणी वेगळा रोगी. एका ठिकाणी नवऱ्याला खोकला, एका ठिकाणी नसलेल्या मुलाला, आणि एका ठिकाणी सासूबाईंना. तिथला दुकानदार मोठा मायाळू. "सासूबाईंना आराम पडला का?" असं आपुलकीने विचारायचा. "अजून नाही हो," ती म्हणायची. ज्या बाईला तिने कधी पाहिलं नव्हतं, जिच्या गाठींवर तिचं घर चाललं होतं, तिला ती मेल्यावरही खोकायला लावत होती.

बाटल्या घरात ठेवणं जोखमीचं, कारण ताईला डोळे होते आणि ताई सांगून येत नसे. म्हणून तिने टॉनिकची एक रिकामी बाटली धुऊन ठेवली, औषध त्यात ओतलं आणि बाटली अण्णांच्या औषधांच्या कपाटात मागच्या बाजूला सारली. लेबल टॉनिकचं, रंगही साधारण तसाच. ताई फसली. पण मिस्तरी एकदा कपाटात सुई शोधत होता, आणि त्याची बोटं त्या बाटलीच्या गळ्याशी थांबली.

"याला गाठ नाही," तो म्हणाला.

खरं सांगायला तेव्हा फार काही लागलं नसतं. पण तोंडातून निघालं ते असं, की अण्णांच्या टॉनिकची दुसरी बाटली आहे, कालच आणली, गाठ बांधायची राहिली.

मग बांध ना, तो म्हणाला, आणि बाटली धरून तिच्यासमोर उभा राहिला, तिला सोपं पडावं म्हणून. तिने सुतळी आणली. त्याच्या हातातल्या बाटलीला तिने टॉनिकच्या दोन गाठी मारल्या. बांधून झाल्यावर त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि खूश झाला. आईसारखीच घट्ट बसलीय, म्हणाला.

त्यानंतर ती रोज ठरवायची की ही बाटली उद्या टाकायची. ठरवण्यात माणसाचा हात कुणी धरत नाही.

मग तो दिवस आला. घरातलं औषध तळाला गेलं होतं म्हणून ती दुपारीच बाहेर पडली, लग्नानंतरही ती जात होती त्या लॉन्ड्रीत जास्तीचं काम आहे अशी थाप मारून. जवळची दुकानं आता तिला ओळखू लागली होती, त्यामुळे लांब जावं लागलं, आणि परतायला संध्याकाळ झाली. इकडे अण्णांच्या चमच्याची वेळ झाली. पुढच्या बाटलीत टॉनिक संपलेलं. मिस्तरीला आठवलं की मागे दुसरी आहे. त्याने हात घातला, सुतळी चाचपली, दोन गाठी लागल्या. चमचा भरला आणि वडिलांना पाजला. अण्णा म्हणाले, आजचं चांगलं गोड आहे रे. म्हणून त्याने कौतुकाने आणखी एक चमचा दिला. झोपेचं औषधही त्या दिवशी अण्णांनी लवकर घेतलं होतं. दोन्ही मिळून व्हायचं तेच झालं. म्हातारा झिंगल्यासारखा खाटेवरून उठला, दोन पावलं गेला आणि दाराच्या चौकटीवर आदळला.

ती घरात शिरली तेव्हा मिस्तरी जमिनीवर बसून वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांना हाका मारत होता. टेबलावर बाटली उघडी होती. तिला एका क्षणात सगळं कळलं. आणि कळल्यावर ती आधी अण्णांकडे गेली नाही. आधी बाटलीकडे गेली. उरलंसुरलं तिने मोरीत ओतलं, बाटली विसळली आणि कचऱ्यात खाली दडपली. मधल्या खोलीतून तो विचारत होता, काय करतेयस, गाडी बोलाव ना.

अण्णांचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. जिवावरचं नव्हतं. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि विचारलं की यांना काय पाजलं होतं, ही गुंगी नुसत्या टॉनिकची नाही. मिस्तरी म्हणाला, टॉनिकच पाजलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, झोपेचं औषध घरात आहे का? आहे, तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने मान तिच्या दिशेने वळवली.

"टेबलावर कोणती बाटली होती? तू पाहिलीस ना?"

मान हलवून भागलं नसतं. आंधळ्याशी खोटं बोलायचं तर ते तोंडाने, स्पष्ट बोलावं लागतं.

"झोपेच्या औषधाची," ती म्हणाली.

"तीन गाठींची?"

"हो."

त्याने आपल्या उजव्या हाताची बोटं डाव्या हातात धरली आणि तसाच बसून राहिला.

अण्णा दोन दिवसांत हसूबोलू लागले. खचला तो मिस्तरी. आधी तिला वाटलं, वडिलांना लागलं म्हणून आहे, जाईल. पण हे तसं नव्हतं. सकाळी चहात साखर घालताना तो बरणीवरचा दोरा चाचपायचा, पुन्हा चाचपायचा आणि शेवटी तिला हाक मारायचा. हे बघ ना, साखरच आहे ना? जन्मात त्याने घरात कुणाला असं विचारलं नव्हतं. अण्णांचा चमचा भरायला तो तयार होईना. अण्णा चुचकारून म्हणाले की बाबा रे, तूच दे, माझं हाड मोडलंय, विश्वास नाही मोडलेला. तरी तो हात मागेच घ्यायचा.

मग दुकान बिघडलं. गुंडाळलेली मोटार तो पुन्हा उकलायचा, तारेची जाडी चुकली असेल म्हणून. ती चुकलेली नसायची. एक पंखा त्याने असाच बांधला, सोडला, बांधला, आणि शेवटी गिऱ्हाइकाला न गुंडाळताच परत दिला. मला आता भरवसा नाही, दुसरीकडे बघा, असं सांगून. गिऱ्हाईक बिचारं अवघडून उभं राहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होती. या माणसाकडे जगात एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्याची बोटं, आणि ती तिने एका शब्दाने मोडून ठेवली होती. अण्णांचं हाड तरी डॉक्टरांनी बांधलं होतं.

तरीही ती बोलली नाही. बोलायचं म्हणून यायची आणि चहा विचारून जायची. त्या दिवसांत ती प्यायली का? प्यायली. लाज वाटली की माणूस सुधारतो असं म्हणतात. तिला लाज वाटली की ती प्यायची, आणि प्यायली की लाज वाटायची. या फेऱ्यातून कुठे उतरायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

ताईने मात्र निर्णय घेऊन टाकला. ती वाईट नव्हती, तिचा जीव होता भावावर, फक्त तो जीव वरवंट्यासारखा होता. झालं एवढं पुरे, म्हणाली. अण्णा आणि तू माझ्याकडे या. पुढची खोली एका केशकर्तनवाल्याला हवीच आहे. आजवर मिस्तरीने हा बेत हसून उडवला होता. या वेळी तो, बरं, म्हणाला. रविवारी न्यायचं ठरलं.

रविवारी सकाळी ती अण्णांचे कपडे पिशवीत भरत होती. दुकानात अवजारांचा आवाज येत होता म्हणून डोकावली. मिस्तरी पक्कड, कानस, हातोडी एकेक पुसून खोक्यात ठेवत होता. तिची चाहूल लागली तसा तो थांबला. बसायला स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाला की तुझ्याशी बोलायचंय. ताईकडे जागा लहान आहे. तुला यायलाच हवं असं नाही. मावशीकडे जायचं असेल तर मी तिला समजावीन, दोष तुझ्यावर येऊ देणार नाही.

ती म्हणाली, असं का बोलताय?

"आंधळा तुला चालला," तो म्हणाला. "पण ज्याला कळत नाही की त्याच्या हातात औषध आहे की विष, तो कुणाला चालायचा? बापाला पाजलं मी."

यानंतर गप्प बसायचं तर माणसाला काळीज नसावं लागतं, आणि तिला होतं, हीच तर सगळी अडचण होती. ती स्टुलावर बसली नाही. उभी राहूनच बोलली, आणि एकदा सुरू झाल्यावर मागून पुढून, जसं आलं तसं बोलली. ती बाटली झोपेच्या औषधाची नव्हती. ती माझी होती. मी खोकल्याचं औषध पिते, खोकला नसताना, तो गेल्यापासून. टॉनिकच्या बाटलीत मी भरलं होतं. तुम्ही धरली होतीत आणि मी गाठी बांधल्या. दवाखान्यात खोटं बोलले. अण्णा खाली पडले होते आणि मी आधी बाटली विसळली.

एवढं बोलून ती थांबली, आणि मग जे सांगायलाच हवं असं नव्हतं तेही सांगितलं.

"तुमच्यासमोर बसून प्यायले मी. तुम्ही बोलत असायचात तेव्हा. दिसत नाही म्हणून."

मिस्तरी हलला नाही. त्याचे ओठ काहीतरी जुळवत होते. मग त्याने विचारलं, अगदी हळू, "म्हणजे सुतळीला दोनच गाठी होत्या?"

"दोनच."

"मी बरोबर वाचलं होतं?"

"बरोबर वाचलं होतंत."

तो हसला. मोठ्याने, तोंड भरून, लहान मूल हसतं तसा. खोक्याला धक्का लागून पक्कड खाली पडली तरी त्याला पर्वा नव्हती. "माझी बोटं चुकली नव्हती," तो म्हणाला, पुन्हा म्हणाला, आणि आनंदाच्या भरात तिचा हात शोधून त्याने घट्ट दाबला. ती शिव्यांची तयारी करून उभी होती. चपलेचीही. या आनंदाची तिने तयारी केली नव्हती. इतक्या दिवसांत त्याच्याकडून काय काढून घेतलं होतं ते तिला त्या हसण्यात पहिल्यांदा पूर्ण कळलं, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं तिला झालं.

मग त्याचं हसू ओसरलं. आपण हात कुणाचा धरलाय ते त्याच्या ध्यानात आलं असावं. त्याने हात सोडला, चटका बसल्यासारखा नाही, सावकाश, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा.

"आणखी कुठे आहे?" त्याने विचारलं.

शिवणाच्या डब्यात एक होती, कपड्यांच्या फडताळात एक. तिने दोन्ही आणून त्याच्या हातात दिल्या. त्याने त्या स्वतः मोरीत ओतल्या. सुटेल का, असं त्याने विचारलं. ती माहीत नाही म्हणाली. त्या घरात शिरल्यापासून इतकं खरं उत्तर तिने दिलं नव्हतं. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि फळीवरची प्रत्येक बाटली एकेक करून उतरवू लागला. झाकण उघडायचं, हुंगायचं, झाकण लावायचं. तेल हुंगलं, सिरका हुंगला, मध हुंगला. ज्यांना तिने कधी हात लावला नव्हता त्याही हुंगल्या. गाठींकडे त्याची बोटं गेलीच नाहीत. ती दाराशी उभी राहून ते शेवटच्या बाटलीपर्यंत पाहत होती, कारण तिथून निघून जाणं म्हणजे आणखी एकदा पळणं झालं असतं.

"अण्णांना तू सांग," तो पाठमोराच म्हणाला. "ताईलाही. मी नाही सांगणार."

अण्णांना सांगताना ती त्यांच्या खाटेशी जमिनीवर बसली. म्हाताऱ्याने खिडकीबाहेरची नजर काढून सगळं ऐकलं. मग म्हणाले की त्या संध्याकाळी पडायच्या आधी जे दोन क्षण गेले, ते फार सुखाचे होते. ही गेल्यापासून तेवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. "म्हणून सांगतो पोरी, ते सोड. मलाही पुन्हा मागावंसं वाटलं होतं." तिने त्यांच्या पायांवर डोकं टेकलं, आणि त्यांनी बऱ्या हाताने ते उचलायचा प्रयत्न केला, पण हाताला तेवढा जोर नव्हता.

ताई गाडी घेऊन आली. तिला सांगणं सगळ्यात अवघड गेलं, कारण ताई मध्ये एकदाही बोलली नाही. ऐकून झाल्यावर तिने भावजयीला, त्या बघण्याच्या दिवशी पाहिलं होतं तसं, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग भावाला विचारलं, "हिला ठेवणार आहेस?"

"माहीत नाही," मिस्तरी म्हणाला. "आम्ही येत नाही एवढं माहीत आहे. मला तो पंखा परत मागवायचाय."

ताईने गाडी परत पाठवली. जाताना ती दारात वळली आणि हे सोडवायला उद्या दवाखान्यात जायचं, मी तुझ्याबरोबर येणार, असं भावजयीला सांगून टाकलं. एकटी गेलीस तर तिथूनही औषध घेऊन येशील. हे तिने चिडून म्हटलं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. भावजय, हो, म्हणाली.

दुपारभर मिस्तरी दुकानात बसला. खोक्यातली अवजारं पुन्हा बाहेर निघाली. गिऱ्हाइकाने पंखा आणून दिला, आणि तांब्याची तार सरसर गुंडाळली जात असल्याचा आवाज आत येऊ लागला, मध्ये न थांबता. तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. तिच्या हातापायांना आतून मुंग्या येत होत्या, घशाला कोरड पडली होती, आणि सबंध घरात आता कुठे काही लपलेलं नव्हतं. तिने भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

शेवटी त्याची हाक आली. पाणी मागितलं होतं.

तिने पेला भरला, दुकानात गेली, आणि नेहमीसारखा त्याच्या हाताला पेल्याचा स्पर्श करून उभी राहिली. त्याने पेला घेतला. ओठांशी नेता नेता तो थांबला, आणि त्याने पेला नाकाशी धरला. पाण्याला वास नसतो. तरी तो श्वास ओढून हुंगत राहिला, आणि ती त्याच्यासमोर हात लोंबते सोडून उभी होती. आपण काही बोलावं असं तिला वाटलं, पण तिच्या शब्दाला आता काय किंमत होती?

मग तो प्यायला, सगळं, आणि रिकामा पेला तिच्या दिशेने पुढे केला.